सांगाड्याची नाडी

वर्लिन हावरकँप हसत नाही, हे लिंडरविलमध्ये पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. गावाच्या वेशीवर पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं असतं, तर मी ‘मका, डुकरं आणि वर्लिनचं तोंड’ असं लिहून मोकळी झाले असते. पण ते काम माझ्याकडे आलं नाही. माझं केस कापायचं दुकान आहे, वर्लिनच्या घरापासून दोन घरं सोडून.

आमच्या आयोवाच्या या भागात पोरं खाऊ मागायला निघतात ती हॅलोवीनच्या आदल्या दिवशी. त्या संध्याकाळला भिकाऱ्यांची रात्र म्हणतात. आणि इथे दारात नुसती पिशवी पसरून भागत नाही. आधी जोक सांगायचा, मग खाऊ. बाकीच्या घरांत जोक कसाही असला तरी लोक हसल्यासारखं करतात आणि मूठभर गोळ्या टाकून पोराला वाटेला लावतात. वर्लिनकडे असली उधळपट्टी नव्हती. तो ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा. एका हाताला वाडग्यात चिमुकल्या टॉफ्या, दुसऱ्या हाताला पत्र्याच्या डब्यात अख्खी, मोठी चॉकलेटं. पोर पायरीवर चढलं की म्हणायचा, “सांग.” मग त्याच्या तोंडाकडे असा रोखून बघायचा की पोराला स्वतःचं नावही आठवू नये. जोक संपला की, “हं. नाही.” आणि एक टॉफी.

तो हसला तरच अख्खं चॉकलेट, असा कायदा होता, आणि कायद्यात नातंगोतं नव्हतं. त्याचा मुलगा कर्ट लहानपणी दर वर्षी मागच्या दाराने बाहेर पडायचा, वळसा घालून पुढच्या पायरीवर यायचा आणि दर वर्षी तोच जोक सांगायचा. “भोपळ्याला गणितात किती मार्क मिळाले? भोपळा!” मग आपली टॉफी घेऊन आत जेवायला जायचा.

आर्डिस होती तोवर वर्षाकाठी एखाद-दुसरं चॉकलेट तरी सुटायचं. आर्डिस म्हणजे वर्लिनची बायको. ती त्याच्या शेजारी उभी राहायची आणि पोराने सांगितलेला जोक नवऱ्याकडे तोंड करून पुन्हा सांगायची. “ऐकलंस का? म्हणतो, सांगाडा एकटा स्मशानात का जात नाही? त्याला काळीजच नसतं!” आम्ही म्हणायचो, बाईला सगळं दोनदा बोलायची खोड आहे. कधीमधी वर्लिन त्यावर खो खो हसायचा. आर्डिस गेली आणि त्याचं हसणं थांबलं. गाव म्हणालं, दुःख. मीही म्हटलं, दुःख. गावाने एकदा निदान केलं की पुढे कुणी नाडी बघत बसत नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं. वर्लिनने उभी हयात धान्याच्या कोठारावर काढली. तिथे मका वाळवायचे पंखे सुरू झाले की शेजारच्याने दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नाही. आणि माझ्या खुर्चीत तो बसायचा तेव्हा मी मागे उभी राहून बोलायची आणि तो आरशात बघून बरोब्बर उत्तर द्यायचा. कंगवा घ्यायला वळले आणि बोलतच राहिले, की गप्प. मला वाटायचं, माणूस जरा आखडू आहे. वर्षानुवर्षं मी त्याच्याबद्दल हेच मत बाळगून होते आणि दोन-चार जणांना सांगूनही ठेवलं होतं.

मग महामारी आली आणि माझं दुकान बंद झालं. उन्हाळा लागताना ते उघडलं तेव्हा गावातली सगळी डोकी झुडपं झाली होती. पहिल्या आठवड्यातच वर्लिन आला. मी मास्क लावून विचारलं, “बाजूचे बारीक करू?”

“हो.”

“वरचे थोडे ठेवू?”

“हो हो.”

“की सगळेच उडवू?” हे मी आपली गंमत म्हणून विचारलं.

“हो, हो. नेहमीसारखं.”

आता गिऱ्हाईक हो म्हणतं तर मी कोण? मी मशीन फिरवलं. काम झालं तेव्हा खुर्चीत एक मोठं उकडलेलं अंडं बसलं होतं. वर्लिनने आरशात पाहिलं. डोक्यावरून हात फिरवला.

“जनेल, हे काय केलंस?”

“तुम्हीच हो म्हणालात की!”

तो उठला, दुकानाच्या दाराला कडी घातली आणि म्हणाला, “तोंडावरचं ते खाली घे आणि लांब उभी राहा. मला बोलायचंय.”

तेव्हा सगळं बाहेर आलं. त्याचे कान गेले होते ते आज-काल नव्हे. तो ओठ वाचत होता. आर्डिस होती तोवर तिच्या ओठांवर त्याचं सगळं चालायचं. भिकाऱ्यांच्या रात्री पोरं यायची ती प्लास्टिकचे मुखवटे चढवून नाहीतर तोंडात खोटे सुळे घालून. त्यांचा एक शब्द त्याला कळायचा नाही. न कळलेल्या जोकवर हसणं त्याला लबाडी वाटायची, म्हणून “हं, नाही.” गावाने त्याला दगड ठरवलं, आणि दगड म्हटलेलं त्याला बहिरा म्हटल्यापेक्षा परवडलं. त्या वर्षीच्या हिवाळ्यात हिंमत करून त्याने गुपचूप कानाचं यंत्र आणलं होतं. मग मास्क आले. एक दिवस किराणा दुकानाबाहेर त्याने मास्कची दोरी कानामागून ओढली, तसं ते यंत्र उडालं, रस्त्याच्या मधोमध पडलं आणि डुकरांचा ट्रक त्यावरून गेला.

“दुसरं आणा,” मी म्हटलं.

“त्या दुकानात परत जाऊन काय सांगू? डुकरांनी खाल्लं?”

“मग निदान कर्टला तरी सांगा.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. “कर्टला? तो आत्ताच म्हणतोय, डॅड, तुम्ही फोनवर भलतंच बोलता. कान गेले असतील तर एकटं राहायचं नाही. हे घर विकू, माझ्या तळघरात तुमची छान सोय करतो. तळघरात! नेब्रास्कात!”

नेब्रास्का म्हणजे नदीपलीकडचं राज्य. तिथेही मकाच पिकतो, पण तो त्यांचा. आमच्याकडे माणूस मुलाला कर्जात बघेल, तुरुंगात बघेल, पण मुलगा नेब्रास्कात गेला हे सांगताना आवाज खाली करतो. मी वर्लिनला शब्द दिला की माझ्या तोंडून काही फुटणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मास्क सोडला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत येणारी ती पारदर्शक काच लावायला लागले. गिऱ्हाइकं म्हणाली, जनेल आता वेल्डिंग करायला बसणार वाटतं.

ऑक्टोबरात गावाच्या समितीने पत्रक काढलं, ‘महामारीत मोठ्या मुलांसाठी हॅलोवीनचे गमतीदार उपक्रम’. माझी मुलगी कोरिना तेव्हा पंधराची होती. त्या वर्षी हे नाव असणं म्हणजे काय, विचारू नका. शाळेत तिला सगळे कोरोना म्हणत होते, आणि ती खोकली की वर्गातले अर्धे स्क्रीन बंद व्हायचे. ती पत्रक हातात घेऊन नाक मुरडत वाचायला लागली.

“आपल्या खोलीत बसून भोपळा रंगवा. घरच्या मांजराला टोपी घाला. आजी-आजोबांना फोनवर घाबरवा. आई, आजी-आजोबा आधीच किती घाबरलेत! ही समिती कधी तरुण होती का?”

“होती. मी त्यांचे केस कापलेत. तेव्हाही अशीच होती.”

मार्चपासून घरात कोंडलेली ती आणि तिची टोळी शेवटी स्वतःच कामाला लागली. त्यांनी ठरवलं, या वर्षी उलटं करायचं. पोरांनी सोंगं घेऊन आपापल्या अंगणात उभं राहायचं आणि मोठ्यांनी गाडीतून फिरायचं. गाडी थांबली की पोराने लांबूनच जोक सांगायचा, गाडीतून खाऊ यायचा. उजेड असेपर्यंत सगळं आटपायचं. आणि पहिल्या गाडीत, परीक्षक म्हणून, वर्लिन हावरकँप.

कोरिना मास्क लावून त्याच्या फाटकाशी गेली आणि तिथून ओरडून विचारून आली. “आई, ते लगेच हो म्हणाले! हो हो, नेहमीसारखं, म्हणाले.”

मी कपाळावर हात मारला. पुढे गावाच्या बातम्यांत नाव छापून आलं, तेव्हा वर्लिनला कळलं की आपण कशाला हो म्हणालो. आणि तीच बातमी नदीपलीकडे कर्टनेही वाचली. त्याने मला फोन केला.

“जनेल, गाडी तू चालवणार ना? मी येतोय. डॅडच्या मागेच बसतो. जोक कळून हसले तर कान शाबूत आहेत, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही कळले, तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी सामान बांधू.”

“अरे, पण ते तसेही हसत नाहीत.”

“मग बघू,” कर्ट म्हणाला. पोरगा वाईट नाही. बापाची काळजी होती म्हणूनच हट्ट धरून बसला होता, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

वर्लिन आणि मी कट शिजवला. माझ्या पिकअपच्या मागच्या हौद्यात त्याची आरामखुर्ची ठेवायची. पुढच्या-मागच्या मधली सरकती काच उघडी ठेवायची. माझ्या समोरचा आरसा त्याच्याकडे वळवायचा. पोराने जोक सांगितला की मी तो आरशात बघून पुन्हा बोलायचा, आर्डिससारखा. वर्लिन माझे ओठ वाचेल आणि निकाल देईल. मागून काय येतंय ते मला दिसणार नव्हतं, पण मुंगीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला मागून येऊन धडकेल असा माणूस लिंडरविलमध्ये नाही.

तीस तारखेला दुपार उतरताना निघालो. हौद्यात वर्लिन खुर्चीत, मांडीवर पत्र्याचा डबा, हातात लांब दांड्याची मासे धरायची जाळी. खाऊ त्या जाळीतून द्यायचा होता. मागे पेंढीवर कर्ट, मास्क लावून, हाताची घडी घालून. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं. पहिल्या अंगणात एक मुलगी भूत होऊन उभी होती. ती ओरडली, “भूत खोटं बोललं की लगेच पकडलं का जातं? त्याचं सगळं आरपार दिसतं!”

मी आरशाकडे तोंड करून म्हटलं, “ऐकलंत का? म्हणे, भूत खोटं बोललं की...” आणि माझ्याच वाफेने ती हनुवटीपर्यंतची काच पांढरी झाली. मला आरसा दिसेना. आरशात वर्लिनला माझे ओठ दिसेनात. तिथे नुसता धुक्याचा एक गोळा बोलत होता. मी बाहीने पुसलं, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा धुकं.

“हं. नाही,” वर्लिन म्हणाला. टॉफी जाळीतून गेली. मागे कर्टने पाय हलवले.

दुसऱ्या अंगणात तेच झालं. तिसऱ्यात एक पोरगा ममी झाला होता, अंगाला संडासाचा कागद गुंडाळून. ज्या वर्षी त्या कागदासाठी बाया दुकानात हातघाईवर आल्या, त्या वर्षी एवढा कागद अंगावर! त्याची आई खिडकीतून शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत होती. तो म्हणाला, “ममीला सर्दी झाली तर काळजी नाही, पुसायला घरचंच आहे!” रस्त्यावरचे सगळे हसले. वर्लिनने सगळ्यांकडे पाहिलं, पण तोवर हसायची वेळ निघून गेली होती. “हं. नाही.”

“डॅड, हा तर चांगला होता,” कर्ट मागून म्हणाला. वर्लिन पुढचं अंगण बघत होता. मी काच पुन्हा बाहीने घासली.

वर्लिनचा धीर सुटला असावा. कारण पुढच्या अंगणात जे झालं, ते घाबरलेल्या माणसाकडूनच होतं. तिथे ब्रेकन नावाचा सोळा वर्षांचा उंच पोरगा सांगाडा होऊन उभा होता. सांगाडा म्हणजे काय, तर आईने त्याच्या काळ्या पायजम्यावर आणि सदऱ्यावर चुन्याने हाडं काढून दिली होती. गाडी थांबली. ब्रेकनने पाऊल पुढे टाकलं, एकदम कंबर धरली आणि ओरडला, “थांबा थांबा, माझी नाडी सुटली!”

आणि वर्लिन हसला. आता हसलोच नाही तर नेब्रास्का, असा त्याने निश्चय केला असणार. तो डोकं मागे टाकून, गुडघ्यावर थापा मारून, हौदा हादरेपर्यंत हसला.

ब्रेकन पायजमा धरून तसाच उभा.

“डॅड,” कर्ट म्हणाला, “त्याने अजून सुरूच नाही केलं.”

वर्लिनने इकडे तिकडे पाहिलं. काहीतरी चुकलं, हे त्याला कळलं. पण निकाल फिरवणारा तो माणूस नव्हे. त्याने पत्र्याचा डबा उघडला, अख्खं चॉकलेट काढलं, जाळीत टाकलं आणि जाळी ब्रेकनच्या नाकासमोर धरली. ब्रेकनने एका हाताने पायजमा आणि दुसऱ्या हाताने चॉकलेट धरलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मग त्याचा बाप, जो दाणावैरणीच्या दुकानात असतो आणि स्वतःला फार हुशार समजतो, त्याने बोट वर केलं.

“थांबा. मला कळलं. सांगाड्याची नाडी! अहो, सांगाड्याला नाडी असते का? तो मेलेला आहे!”

क्षणभर सगळ्यांनी विचार केला. मग समोरची बाई फिस्स करून हसली. मग तिचा नवरा. मग दोन्ही बाजूंची अंगणं. “सांगाड्याची नाडी सुटली! वर्लिनने बरोब्बर पकडलं! आपल्याला कळायच्या आधी म्हाताऱ्याला कळलं!” कुणी टाळ्या वाजवल्या. कर्टने घडी घातलेले हात सोडले. मी काचेच्या आत देवाचे आभार मानले, म्हणजे काच आणखीच धुरकटली.

पण पोरांच्या खिशात फोन असतात. वर्लिन कशाने हसला, ही बातमी माझ्या गाडीच्या पुढे धावली. पुढच्या अंगणात एक पोरगा रक्तपिपासू पिशाच होऊन उभा होता. वर्लिन म्हणाला, “सांग.” पोराने झगा वर उचलला आणि कंबर धरून किंचाळला, “माझी नाडी सुटली!” त्याच्या पुढची चेटकीण. तिने झाडू फेकला, कंबर धरली, नाडी सुटली. त्याच्या पुढे दोघे मिळून एक गाय झाले होते. पुढच्या पायांनी कंबर धरली, मागच्या पायांनीही धरली, आणि मग नाडी कुणाची सुटली यावरून गायीत भांडण लागलं. माझी कोरिना कणीस झाली होती. कणसाला कंबर कुठे असते, हे शोधता शोधता ती तोल जाऊन आडवी झाली आणि उताराने गडगडत थेट माझ्या चाकापर्यंत आली.

तेव्हा वर्लिन खरा हसला. मला फरक कळला, कारण ते हसू मी आर्डिसच्या वेळचं ऐकलं होतं. सगळं गाव आज एकामागून एक कंबर का धरतंय, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण कंबर धरून गडगडणारं कणीस बघायला कान लागत नाहीत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. डबा रिकामा होत चालला आणि मला हसू आणि रडू दोन्ही एकदम यायला लागलं. आर्डिस हवी होती, असं फार वाटलं.

उजेड मावळायच्या आत आम्ही वर्लिनच्या घरासमोर परत आलो. मी खाली उतरून हौद्याची फळी उघडली. वर्लिन आमच्याकडे पाठ करून खुर्चीवरची चादर घडी करत होता. कर्ट त्याच्या मागे उभा होता. मास्कच्या आडून तो म्हणाला, “डॅड, आज आई असती तर फार हसली असती.”

वर्लिन चादरीची घडी करत राहिला.

“डॅड?” कर्ट जरा मोठ्याने म्हणाला. “तुम्ही एवढे कशाला हसत होतात, सांगा ना मला.”

वर्लिनने चादर झटकली, तिच्यावर चिकटलेली मक्याची दोन पानं काढली. कर्टने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. ते जरा पुसायला झाले होते.

कर्ट हौद्यातून उतरला, बापाला हात देऊन उतरवलं, खुर्ची ओसरीवर नेऊन ठेवली आणि त्याला तिच्यात बसवलं. मग पायऱ्या उतरून अंगणाच्या पार टोकाला, फाटकापर्यंत मागे गेला. तिथे त्याने मास्क काढला. शेवटचं ऊन त्याच्या तोंडावर होतं. पन्नाशीला आलेला माणूस, पण उभा राहिला तो पोरांसारखाच, हात मागे बांधून.

वर्लिनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “सांग,” तो म्हणाला.

मला वाटलं, आता भोपळा येणार. पण कर्टने एकेक शब्द सुटा करून, ओठ मोठे करून विचारलं, “डॅड, माझ्याबरोबर नेब्रास्काला राहायला चलता?”

वर्लिन थोडा वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग पोट. खुर्चीचा हात धरून तो इतका हसला की त्याला खोकला आला आणि मी पाणी आणायला आत धावले. परत आले तेव्हा तो डोळे पुसत पत्र्याचा डबा चाचपत होता. तळाशी एकच उरलं होतं. ते त्याने जाळीत ठेवलं आणि जाळी अंगणाच्या दिशेने लांब केली. कर्ट चालत आला.

“यंत्र घ्यायला मात्र सोमवारी जायचं,” तो बापासमोर, नीट ओठ दिसतील असा उभा राहून म्हणाला. “मी नेतो. मग राहा इथेच.”

“हं,” वर्लिन म्हणाला. पुढचं “नाही” आलं नाही.

कर्टने जाळीतून चॉकलेट उचललं, पण फोडलं नाही. त्याच पायरीवर उभा राहून तो ते उलटसुलट करून बघत होता. त्याला ते पहिल्यांदाच मिळालं होतं.